प्रत्येक उत्तरात लोखंड

शनिवार, १२ जानेवारी १९६३. भिलाई. आमच्या सेक्टरमधली उच्चतर माध्यमिक शाळा, मागच्या बाजूची पत्र्याची प्रयोगशाळा. सकाळची वेळ.

उपस्थित : रसायनशास्त्राचे सर. हेडमास्तर, पूर्ण वेळ नाही, मधून मधून दारात. अकरावी विज्ञानाचे आम्ही नऊ विद्यार्थी. आठ जणांचे वडील स्टील प्लँटमध्ये कामाला. त्या आठांतच मी, वर्गातली एकटी मुलगी. नववा सुपेल्याच्या बाजारातल्या कापडवाल्याचा मुलगा.

अनुपस्थित : प्रयोगशाळेचा शिपाई. त्याची दुर्गच्या कोर्टात शेताच्या वाटणीची तारीख होती.

शिपायाला अनुपस्थितांत मुद्दाम घातलं, कारण पुढचं सगळं त्याच्या नसण्यामुळे झालं. एरवी नळ्या तोच धुवायचा आणि लाकडी खुंट्यांवर उपड्या घालून ठेवायचा. आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, "उद्या धुणंपुसणं तुमचं तुम्ही करायचं. घरून एक कापड आणा. जुनं, मऊ आणि स्वच्छ."

परीक्षा शाळेचीच होती, बोर्डाच्या आधीची. पण हेडमास्तरांचा नियम कडक होता. प्रात्यक्षिकात जो नापास, त्याचा फॉर्म बोर्डाकडे जाणार नाही. त्याने एक वर्ष थांबायचं. मुलांना एक वर्ष म्हणजे एक वर्ष. माझं तसं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात आजोबांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं आणि वडिलांनी "अकरावी होऊ द्या" एवढ्या शब्दावर ते थोपवून धरलं होतं. तो शब्द आणखी एक वर्ष ताणला जाणार नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं. मला रायपूरला बी.एस्सी.ला जायचं होतं, आणि तेही रसायनच घेऊन.

रसायनच का, हे आधी सांगायला हवं.

अकरावीच्या सुरुवातीला सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं. डावीकडे लोखंडाचं ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड, मध्ये बाण, उजवीकडे लोखंड आणि कार्बन डायऑक्साइड. आम्ही आकडे जुळवले, वह्यांत उतरवलं. मग सरांनी खडू ठेवला आणि खिडकीकडे हात केला. माळाच्या पलीकडे, सेक्टरच्या शेवटच्या क्वार्टरांच्याही पलीकडे, फर्नेसचे काळे मनोरे दिसत होते. सर म्हणाले, "हे जे लिहिलंय ना, ते तिकडे चाललंय. आत्ता. मी बोलतोय तेव्हासुद्धा."

मी मनोऱ्यांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग पुन्हा मनोऱ्यांकडे. त्या वेळी माझे वडील त्या बाणाच्या खाली कुठेतरी उभे होते. ते ब्लास्ट फर्नेसवर होते. गावात धान लावणारा माणूस. प्लँट उभा राहायला लागला तेव्हा आधी माती उचलायला आला आणि मग फर्नेसवरच राहिला. राजहऱ्याच्या खाणीतल्या लाल दगडांनी भरलेल्या वॅगन्स आम्ही रोज बघत होतो. संध्याकाळी स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, ओतला की आमच्या अंगणाची भिंत नारिंगी व्हायची आणि आई म्हणायची, "झाला उजेड, आता कंदील नको लावू." तोपर्यंत हे सगळं मला हवापाण्यासारखं होतं. त्या दिवसापासून नाही राहिलं. त्या संध्याकाळी भिंत नारिंगी झाली तेव्हा मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि आईने हाक मारेपर्यंत हलले नाही.

त्यानंतर घरातली एकेक वस्तू उघडी पडत गेली. कल्हईवाला भांड्यात टाकायचा तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. आई गढूळ पाण्यात फिरवायची ती तुरटी, तिला तर ओळभर लांब सूत्र. मी सापडेल त्याचं नाव लिहून ठेवू लागले. ती सवय तेव्हाची आहे.

तर परीक्षा. प्रत्येकाला कागदाच्या पुडीत एक पांढरी पूड मिळाली. त्यात एक क्षार असेल किंवा दोन मिसळलेले असतील. कोणते, ते शोधायचं. ठरलेला क्रम असतो : आधी वास, रंग, उष्णता, मग एकेक द्रावण घालत जायचं आणि साका, म्हणजे तळाचा गाळ, कुठे बसतो ते बघायचं. लोखंडाची शेवटची खूण सर्वांत देखणी. नळीत थायोसायनेटचे दोन थेंब टाकायचे. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी, आणि लोखंड असलं तर एकत्र आल्याबरोबर रक्तासारखं लाल होतं. वर्गात पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या वात्रट मुलानेसुद्धा तोंड उघडं टाकलं होतं.

माझ्या पुडीत नवसागर होता. चुन्याबरोबर तापवल्याबरोबर नाकात असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. ते लिहिलं. मग दुसरं काही आहे का म्हणून पुढचा क्रम केला. मध्ये नळ्या धुतल्या, कापडाची गुंडाळी आत घालून खसखसून पुसल्या. लोखंडाच्या जागी तपकिरी साका यायला हवा होता, तो काही दिसला नाही; जरासा डाग दिसल्यासारखा वाटला. पण थायोसायनेट टाकलं आणि नळी लाल झाली. मी लिहिलं : अमोनियम क्लोराइड आणि लोखंडाचा क्षार. बाहेर आले तेव्हा मी खुशीत होते.

सोमवारी सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. मागे हेडमास्तर.

"सबके पास लोहा?" हेडमास्तर म्हणाले. "नौ के नौ? पुड़िया अलग-अलग, और लोहा सबमें?"

नऊ पुड्यांपैकी एकीतही सरांनी लोखंड घातलं नव्हतं.

हेडमास्तरांच्या मते ही सरळ सरळ नक्कल होती. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी बघितलं. नऊही जण नापास. वात्रट मुलगा माझ्या मागून कुजबुजला, "अबे, नक्कल केली असती तं बरोबर उत्तराची नसती का केली?" हे हेडमास्तरांनी ऐकलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे तो वाचला. मला मात्र त्या बोलण्यात अर्थ दिसला, आणि सरांनाही दिसला असावा. त्यांनी हेडमास्तरांकडून शनिवारपर्यंतची मुदत मागितली. तोपर्यंत हे लोखंड कुठून आलं ते सापडलं तर परीक्षा पुन्हा. नाही तर फॉर्म जाणार नाहीत.

शाळा सुटल्यावर सरांनी आम्हाला प्रयोगशाळेत थांबवलं. पुढचा तास मी आयुष्यभर पुरवून वापरला आहे. सर म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकीचं सगळं आहे तसं."

आधी पाणी. खुंटीवरची कोरडी नळी, फक्त पाणी, आम्ल आणि थायोसायनेट. काही नाही, पाण्यासारखं पाणी. म्हणजे पाणी सुटलं, आम्ल सुटलं, थायोसायनेटही सुटलं. मग एकेक बाटली. काही नाही. सर प्रत्येक वेळी नळी खिडकीच्या उजेडात धरायचे, आम्ही माना पुढे काढायचो, आणि काही नाही. बाहेर मुलं हॉकी खेळत होती, त्यांचा ओरडा येत होता. लोखंड कुठेच सापडलं नाही तर ते आमच्या खोटेपणात आहे असं ठरणार होतं.

मग कोपऱ्यात उभा राहिलेला कापडवाल्याचा मुलगा म्हणाला, "सर, मेरा लाल नहीं हुआ था."

सगळे त्याच्याकडे वळले. तो वर्गातला सर्वांत गप्प मुलगा.

"फिर लिखा क्यों?" सरांनी विचारलं.

"सबका हो गया था, सर. मैंने सोचा, मेरे से ही कुछ छूट गया."

वात्रट मुलाने कपाळावर हात मारून घेतला. "अरे माझ्या राजा! एकटा बरोबर होता, अन् आमच्यात येऊन बसला!"

सर हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला विचारलं, तू सगळ्यांपेक्षा वेगळं काय केलंस? तो आठवून आठवून सांगत होता. तेच पाणी, त्याच बाटल्या. नळ्या धुतल्या, पुसल्या. सरांनी विचारलं, कशाने पुसल्या? त्याने खिशातून कापड काढलं. पांढरंशुभ्र, कोरं मांजरपाट, दुकानातल्या ताग्याचं टोक.

"आणि तुमची?" सर आम्हाला म्हणाले.

आम्ही आठ जणांनी आपापली कापडं टेबलावर ठेवली. आठही खाकी. कुठे खिशाची शिवण, कुठे बाहीची पट्टी. आठ घरांतल्या आठ आयांना शाळेसाठी जुनं, मऊ, स्वच्छ कापड काढ म्हटल्यावर एकच वस्तू सुचली होती : बापाचा प्लँटमधला फाटलेला युनिफॉर्म. आमच्याकडे दुसरं जुनं कापड होतं कुठे? लुगडी गोधडीत जायची. खाकी गोधडीला चालत नाही, जड होते, म्हणून ती फडक्याला.

सरांनी खुंटीवरची एक कोरडी नळी घेतली, माझ्या कापडाने आतून पुसली, आणि तेच पाणी, तेच आम्ल, तेच थायोसायनेट. नळी लाल झाली.

मी ते कापड हातात घेऊन बघितलं. डाग नाही, धूळ नाही, झटकलं तर काही पडत नाही. आईने किती वेळा धुतलं असेल ते मोजता येणार नाही. आणि तरी त्याच्या सुतासुतात फर्नेस बसली होती. ती वडिलांच्या अंगावरून आमच्या घरात आली होती, न्हाणीतून गेली होती, दोरीवर वाळली होती, आणि माझ्या हाताने परीक्षेला येऊन बसली होती.

घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. चूक अशी की वडील कामावरून घरी येण्याआधी सांगितलं; ते असते तर त्यांनी सांभाळून घेतलं असतं.

"माह्या धुण्यात लोखंड?" आई परातीतलं पीठ सोडून उठली. "दोन-दोन पाण्यातून काढतो मी. सोड्यात उकळतो. हाताची सालं गेली माही, आन् तुहा मास्तर म्हणते का कपडे घाण?"

"घाण नाही म्हटलं, आई."

"मंग कावून काढलं त्यानं लोखंड? दुसऱ्या कोणाच्या घरचं नाही काढलं?"

"आठही घरचं निघालं."

यावर ती जरा थांबली. शेजारणींचीही धुणी त्यात आली हे तिला बरं वाटलं असावं. पण तेवढ्याने भागलं नाही. त्याच कापडाचा उरलेला तुकडा तिने काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर सोडा घालून चुलीवर उकळला, दगडावर आपटला, निळीत बुडवला आणि वाळवून माझ्या हातात दिला. "हे ने. आता पाह्य म्हणा त्याले."

सरांना मी ते सगळं सांगितलं. ते गावाकडचेच, नागपूरच्या अलीकडचे; लगेच समजले. म्हणाले, "इथे नको बघूया. आईसमोर कर." त्यांनी होमिओपॅथीच्या दोन बाटल्यांत थेंब थेंब आम्ल आणि थायोसायनेट दिलं, बुचं घट्ट लावली, काय सांभाळायचं ते दोनदा सांगितलं.

संध्याकाळी अंगणात मी पाटावर पांढरी बशी ठेवली. वडील कामावरून येऊन अंघोळ करून बसले होते. आई हाताची घडी घालून उभी. मी आईच्या कापडाचा बोटभर तुकडा बशीत ठेवला आणि त्यावर आम्ल सोडलं.

"काही नाही झालं," आई म्हणाली.

"थांब जरा."

"थांबलो."

आम्ल मुरू दिलं. मग दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकला. थेंब पाण्यासारखा पडला, कापडावर पसरला आणि पसरता पसरता लाल झाला. कडेने बशीत उतरला तोही लाल. तेवढ्यात पलीकडे कुठेतरी स्लॅग ओतला असावा, कारण भिंत नारिंगी झाली आणि बशीतला लाल आणखी गडद दिसला.

आई वाकली. तिने पदर सावरून धरला, जणू बशीला लागेल. "बाप्पा," ती म्हणाली. "रगत दिसून राहिलं."

"रक्त नाही, आई. लोखंड. बाबांच्या सदऱ्यातलं."

वडील पाटाजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. फर्नेसचं तोंड फोडलं की वितळलेलं लोखंड ओहोळासारखं धावतं ते रोज बघणारा माणूस, बशीतल्या एका थेंबाकडे इतका बघत होता. "हे माह्या अंगावरचं व्हय?"

"हो."

"इतल्या धुण्यातून राहिलं?"

"राहिलं."

त्यांनी आईकडे पाहिलं. "पाह्य वो. तू कितीबी धू, ते काही जाऊन नाही राहिलं."

"तुमच्यासारखंच हाय मंग," आई म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. ती अजून बशीकडेच बघत होती. थोड्या वेळाने तिने वडिलांचा दोरीवरचा दुसरा सदरा काढला, झटकला, पुन्हा दोरीवर घातला. का ते तिला विचारलं नाही.

वडिलांनी मग मला विचारलं, "आख्ख्या सदऱ्यात किती असन? एक खिळा तरी होईन का?"

"मोजता येतं बाबा. आम्हाला अजून शिकवलं नाही. कॉलेजात असतं."

"मंग कॉलेजात जाऊन मोज," ते म्हणाले. "मले सांग." आणि उठून आत गेले. गावाकडून आलेल्या स्थळाबद्दल आमच्या घरात त्यानंतर चर्चा झाली नाही. ते एवढंच बोलले होते.

शनिवारी परीक्षा पुन्हा झाली. उपस्थित तेच सगळे, आणि या वेळी शिपाईही. सरांनी नवा नियम भिंतीवर लावला होता : नळी पुसायची नाही, उपडी घालून निथळू द्यायची. वेळ जास्त लागतो, लागू द्यायचा. आदल्या दिवशी आम्ही फळ्यासमोरच्या टेबलावर हेडमास्तरांना आठ कापडांचे आठ तुकडे लाल करून दाखवले होते, आणि नववा, मांजरपाटाचा, पांढराच राहिलेला. ते चष्मा काढून, पुन्हा लावून बघत होते. म्हणाले, "यह तो कमाल है." एवढंच. नक्कल हा शब्द पुन्हा निघाला नाही.

मला या वेळी मोरचूद आणि तुरटी मिसळून आली. निळेपणामुळे मोरचूद लगेच कळला, तुरटीला वेळ लागला. शेवटी थायोसायनेट टाकलं. लाल झालं नाही. मी उजेडात धरून पुन्हा बघितलं. मी लिहिलं : लोखंड नाही. परीक्षेत एखादी गोष्ट नाही असं लिहिताना इतका आनंद मला नंतर कधी झाला नाही. नऊही फॉर्म गेले. कापडवाल्याच्या मुलाने या वेळी आपलं उत्तर हाताने झाकून लिहिलं, असं वात्रट मुलगा सगळ्यांना सांगत फिरला.

पुढचं थोडक्यात. रायपूरला बी.एस्सी. झाले, पुढे शिकवू लागले. आता माझीच प्रयोगशाळा आहे, माझ्याच खुंट्या, आणि पुसायचं नाही हा नियम पहिल्या तासाला सांगितला जातो. लोखंड मोजायला मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकले. जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं, रंग टिकला की थांबायचं. सोपं आहे. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी ते दर वर्षी करून घेते.

वडील निवृत्त होऊन भिलाईजवळ उतईला माझ्या भावाकडे राहतात. तिथे थोडं धान लावतात. मी दिवाळीला गेले की ते विचारतात, "झाला का वो खिळा?" मी म्हणते, करते. आई म्हणते, "तिले नका विचारू, ती कामाची बाई हाय."

त्या सदऱ्याचा एक हातभर तुकडा माझ्याकडे आहे. आईने निळीत बुडवलेला, त्यामुळे खाकीवर अजून निळसर झाक आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या कप्प्यात, बाटलीत ठेवलाय. मोजायचं तर तो आधी जाळावा लागतो, राख आम्लात विरघळवावी लागते. त्याशिवाय सगळं लोखंड निघत नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत करायच्या कामांमध्ये ते असतं. आम्ल तयार आहे, परमँगनेट ताजं करून ठेवलंय, तराजू दुरुस्त होऊन आलाय. कापड अजून बाटलीत आहे.